एकशे एक नावाच्या जिल्ह्यात मुलांना नेताना

मुलांना घेऊन थायलंडच्या खेड्यात जाणार असाल तर कुठे चाललोय ते नंतर सांगा, आधी कुणाच्या घरी चाललोय ते सांगा. पहिल्या खेपेला मी उलटं केलं. नकाशा उघडला, म्हशींचे फोटो दाखवले, "आपल्याला भातशेती बघायला जायचंय" असं जाहीर केलं. मग पोरं बघायलाच आली. बाकड्यावर बसून पाय हलवत बघत राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याने विचारलं, "संपली का शेती?"

आम्ही सात वर्षं बँकॉकमध्ये आहोत. थोरली नऊची, धाकटा सहाचा. तो पाच महिन्यांचा होता तेव्हापासून आमच्या घरी जी कामाला आहे तिला आम्ही सगळे 'फी' म्हणतो. थाईत फी म्हणजे वयाने मोठं भावंड, ताई किंवा दादा. फुलातला फ, ओठ मिटून, आणि सूर वरून खाली सोडायचा. तोच शब्द खालून वर नेला की त्याचा अर्थ भूत. धाकटा बोलायला लागल्यावर वर्षभर तिला भूतच म्हणत होता आणि ती बिचारी ओ देत होती.

कुठे आणि कधी

फी रोय एतची. ईशान्य थायलंडला इसान म्हणतात, त्यातला हा चांगवात. चांगवातला कुणी प्रांत म्हणतं, पण आपल्या हिशेबाने जिल्हाच. रोय एत म्हणजे एकशे एक. जुन्या शहराला अकरा वेशी होत्या, अकरा लिहिताना आधी दहा लिहून पुढे एक लिहीत, आणि पुढच्यांनी ते एकशे एक वाचलं, असं सांगतात. थोरलीला ही चूक फार आवडली. गणिताच्या पेपरात तिने नेमकी तीच केली होती.

फीचं गाव सुवान्नाफूम तालुक्यात आहे. सुवर्णभूमी! बँकॉकच्या विमानतळाचं नाव तेच. शेजारचा तालुका कासेत विसाय, त्यात आपले क्षेत्र आणि विषय बसलेत. थोरली अशा शब्दांची वही ठेवते. बसच्या सात-आठ तासांत याहून चांगला खेळ मला सापडलेला नाही. गुरूचा झालाय ख्रू, पात्राचं बात, आणि संक्रांतीचं सोंगक्रान. मुलांना एकदा चटक लागली की पाट्या वाचायला लागतात.

या भागातल्या सपाट माळाचं नाव तुंग कुला रोंगहाय. कुला नावाचे फिरते व्यापारी हा माळ ओलांडताना पाण्यावाचून रडले, म्हणून 'कुला रडले तो माळ'. पाच जिल्ह्यांत पसरलाय. जमीन रेताड, खारट, आणि त्याच जमिनीत आज थायलंडचा नावाजलेला सुवासिक होम माली तांदूळ पिकतो. आपल्या आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन आहे ना, तसं या माळावरच्या होम मालीला 2013 मध्ये युरोपीय संघाने दिलं. माली म्हणजे मोगरा. मी भोरची, इंद्रायणी आणि आंबेमोहोरावर वाढलेली. "वास आंबेमोहोराचाच बरा," असं मी इथे फक्त एकदा म्हणाले. पुन्हा म्हणणार नाही.

जायचं तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. होम माली पेरलेला कधीही असो, फुलोरा येतो तो 20 ऑक्टोबरच्या आसपासच. दिवस लहान झाल्याचं त्या भाताला कळतं. तिथून महिनाभराने कापणी. मुलांना हे नक्की सांगा, त्यांना जादू वाटते, आणि आहेही. दुसरी वेळ जुलै, आपल्या गुरुपौर्णिमेच्या सुमाराची. आषाढी पौर्णिमा इथेही सुट्टीची असते आणि शेतात पाणी असतं. मात्र लावणी बघायला मिळेल असं गृहीत धरू नका. आता बहुतेक जण भात फेकून पेरतात. लावणीला माणसं कुठून आणायची? मजूर म्हणावं अशी सगळी वयं बँकॉकला आहेत. आधी फोन करून विचारा. फीच्या आईकडे बारा राय जमीन आहे (एक राय म्हणजे जवळपास सोळा गुंठे, तेव्हा पावणेपाच एकर धरा), त्यातलं ओढ्याकडचं एकच खाचर ती हाताने लावते, चिकट भातासाठी.

सोंगक्रानला, म्हणजे 13 ते 15 एप्रिलला, जाऊ नका. ऊन भाजून काढतं, बसची तिकिटं मिळत नाहीत, आणि रस्त्यावरच्या अपघातांमुळे सरकारच त्या आठवड्याला 'सात धोक्याचे दिवस' म्हणतं. पण माझं खरं कारण वेगळं आहे. ते दिवस फीचे आणि तिच्या मुलाचे असतात.

फी तिथे रजेवर असते

फीला मुलगा आहे. आता अकरा वर्षांचा. तो आजीजवळ वाढतो. इसानमधल्या खेड्यांत घरोघरी हेच दिसेल: मधली पिढी बँकॉकला किंवा कारखान्यांत, घरात आजी-आजोबा आणि नातवंडं. मुलांना इसान दाखवायचं आणि हे झाकायचं, असं जमत नाही. मला वाटलं होतं जमेल.

पहिल्या खेपेची पहिली रात्र. घर खांबांवरचं, वरच्या माडीवर चटई, मधे भाताची टोपली. धाकटा तेव्हा चार वर्षांचा. घरी रोज चढतो तसा तो फीच्या मांडीवर चढला. फीने भाताचा गोळा केला, फुंकर घातली, त्याच्या तोंडाशी नेला. समोर तिचा मुलगा बसला होता. त्याने हातातला गोळा टोपलीत परत ठेवला, उठला आणि जिन्याने खाली गेला. खाली झोळीच्या कड्यांचा कुरकुर आवाज यायला लागला. कुणी काही बोललं नाही. आजीने टोपलीचं झाकण लावलं.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि तेव्हापासून आमच्या घरचे नियम ठरले. फी आमच्या दोन दिवस आधी जाते आणि आमच्या नंतर परत येते. हे सगळे दिवस पगारी. तिथे ती आमच्या मुलांना आंघोळ घालत नाही, भरवत नाही, दर वाक्याचं भाषांतर करत नाही. धाकटा मांडीवर बसायचा तर माझ्या. आम्ही रात्री झोपतो तिच्या मावशीच्या घरी, चार घरं पलीकडे, आणि परतताना एक पाकीट 'खा नाम खा फाय' म्हणून देतो. पाणी-विजेचे पैसे असा त्याचा अर्थ. पाहुणचाराचे पैसे म्हटलं तर घेत नाहीत, पाणी-विजेचे म्हटलं तर घेतात.

मुलांना हे आधी सांगावं लागतं, बसमध्ये बसण्याच्याही आधी. थोरलीने सरळ विचारलं, "मग तो आपल्याकडे का नाही राहत? आपल्याकडे एक खोली आहे." मी काहीतरी शाळेचं कारण दिलं, मग स्वतःचीच लाज वाटली आणि पुन्हा बसून सांगितलं: फी आपल्याकडे काम करते, त्याचे आपण पैसे देतो, ते ती गावी पाठवते, त्यातून त्याची शाळा आणि आजीचं औषध होतं, आणि तिची त्याला आठवण येते. थोरली म्हणाली, "म्हणजे आपण त्याची आई घेतली." मला उत्तर सुचलं नाही. तुम्हालाही सुचायलाच हवं असं नाही. पण हे बोलणं गावी पोचायच्या आत होऊ द्या, त्याच्यासमोर नको.

एक गोष्ट मात्र आपोआप सुटली. थाईत मोठ्याला फी म्हणायचं, तेव्हा फीचा मुलगाही आमच्या दोघांचा फी. दुसऱ्या खेपेला मी मुलांना बजावून ठेवलं होतं. धाकट्याने हात जोडून त्याला फी म्हटलं, या वेळी सुरासकट बरोबर. पोरगा लाजला, आणि मग तासाभरात त्याने दोघांना कामाला लावलं.

नमस्कार, डोकं, पाय, उंबरठा

यात आपण मराठी लोक निम्मे पास होऊन जातो. वाय म्हणजे आपला नमस्कार. धाकट्यांनी आधी करायचा, थोडी मान लववून. मुलगी वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणते, मुलगा 'ख्राप'. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, विशेषतः देवळात. त्याला थोरानी म्हणतात, म्हणजे धरणी. माझ्या आजीने मला उंबरठ्यावर बसल्याबद्दल जेवढं बोलून घेतलं त्याचा उपयोग असा इथे झाला.

फसतो ते डोक्यापाशी. आपल्याकडे पोराच्या डोक्यावर हात ठेवणं म्हणजे माया. इथे डोक्याला हात लावू नये. माझ्याकडूनच हे दोनदा झालंय. आणि पाय. बुद्धमूर्तीकडे किंवा माणसांकडे तळवे करून बसू नये, दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसायचं. सहा वर्षांच्या मुलाला हे पाच मिनिटं जमतं. सहाव्या मिनिटाला त्याला बाहेर न्या.

फीच्या आईला काय म्हणायचं ते विचारून घ्या. शहरी थाईत आईच्या आईला याय म्हणतात. पण इसान बोलीत म्हाताऱ्या बायकांना 'मॅ न्याय' म्हणतात. मॅ म्हणजे आई, न्याय म्हणजे मोठी. मोठी आई! आमच्या भोरलाही आजीला मोठी आईच म्हणायचे. धाकट्याला वाटलं, या आजी न्यायाधीश आहेत. भांडणं घेऊन तो तिच्याकडेच जायला लागला, आणि ती निवाडा करतेही, एका शब्दात.

थोरलीचं थाई शाळेतलं, बँकॉकचं. गावात 'नाही'ला 'माय' न म्हणता 'बो' म्हणतात. पोरांनी तिची खूप टर उडवली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीतही बो म्हणायला लागली.

काम द्या

मुलांना कार्यक्रम देऊ नका, काम द्या. एकदा मी बँकॉकपासून जवळच्या एका 'शेतीचा अनुभव' देणाऱ्या ठिकाणी पैसे भरून नेलं होतं. निळा शर्ट, गवती टोपी, कमरेला तांबडा पंचा, एक रोप लावा, फोटो काढा, हात धुवा. म्हैस सजवलेली. पोरं खूश झाली आणि संध्याकाळपर्यंत विसरली.

खऱ्या गावात कापणीला हार्वेस्टर येतो. पुस्तकातलं विळ्याचं चित्र डोक्यात घेऊन गेलेल्या मुलाची निराशा होते, म्हणून आधी सांगा. गावातली पोरं मोबाइलवर तेच व्हिडिओ बघतात जे आपली बघतात, हेही सांगा. सकाळी सहाला गावाचा भोंगा बोलायला लागतो. गावचा मुख्य, फू याय बान, त्यावरून लस, सभा, खत, कुणाची हरवलेली गाय असं काहीबाही सांगतो. पहिल्या दिवशी पोरं दचकतात, तिसऱ्या दिवशी कोण हरवलंय ते विचारतात.

पण कापल्यानंतर भात ओलं असतं, आणि मग सुरू होतं ते आपलं वाळवण. रस्त्याच्या कडेला, देवळाच्या पटांगणात, शाळेच्या मैदानावर निळ्या जाळ्या पसरून त्यावर सोनेरी भात. हे मुलांचं काम. लाकडी दाताळं घेऊन, नाहीतर नुसत्या पायांनी, भातात सरळ रेषा ओढत जायचं म्हणजे खालचं वर येतं. अनवाणी चाललं की वरचे दाणे गरम लागतात, खालचे गार. धाकटा एका टोकाकडून निघाला की पाय घासत दुसऱ्या टोकाला, वळला की पुन्हा. अर्ध्या तासाने फीचा मुलगा येऊन वाकून बघायचा, रेषा वाकडी असली की पुसून परत काढायला लावायचा. भुसाची खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, संध्याकाळी आंघोळ घाला, रडारड होईल, होऊ द्या.

थोरलीकडे कोंबड्या. हातात काठी, सकाळी नऊ ते अकरा, तिच्याबरोबर शेजारची एक म्हातारी. मी लहानपणी गच्चीवर कुरडयांची राखण केली आहे, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरचा कंटाळा मला ओळखू आला. एकदा दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा सगळं गाव धावलं. पोतं धरायला, फावड्याने ओढायला, झाकायला. थोरलीही धावली. कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस काही आला नाही.

जुलैत गेलात तर चिखल आहेच. तरव्याची जुडी बांधून देणं, पाणी बघून येणं, बेडूक.

रोय एत शहर बघायचंच असेल तर अर्धा दिवस पुरे. तळ्यातल्या बेटावर मासे खिलवा आणि वात बुराफा फिराम या देवळातली उभी बुद्धमूर्ती बघा, प्रचंड उंच आहे. माझी मुलं दहा मिनिटांत आइस्क्रीम मागायला लागली.

टोपलीतला भात

इथलं रोजचं अन्न सुवासिक तांदूळ नाही, तो विकायचा. घरात खातात चिकट भात, खाव नियाव. रात्री भिजत घालायचा, पहाटे बांबूच्या निमुळत्या टोपलीत, हुअतमध्ये, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफवायचा, मधेच एक झटका देऊन सगळा गोळा उलटा करायचा. हा झटका मॅ न्यायकडून बघण्यासारखा असतो. मग फळीवर पसरून वाफ घालवायची आणि झाकणाच्या टोपलीत, क्रातिपमध्ये, भरायचा. खायचा हाताने. चिमूटभर घेऊन बोटांनी दाबायचा आणि चटणीत टेकवायचा. बँकॉकच्या शाळेत चमचा-काट्याने जेवणारी माझी मुलं इथे एकदम घरच्यासारखी जेवतात, आणि गावातल्या बायका कौतुकाने बघत राहतात. उजवाच हात, हे सांगायची गरज आपल्या मुलांना पडत नाही.

वासाची तयारी मात्र करा. प्ला रा म्हणजे मीठ आणि तांदळाचा कोंडा घालून महिनोन्महिने मुरवलेले मासे. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तिच्यापासून सगळ्यात असतात. आमच्या थोरलीने पहिल्यांदा नाक धरलं, सगळ्यांसमोर. मी तिला नंतर बाजूला घेऊन बोंबील तळतानाच्या शेजाऱ्यांची आठवण करून दिली. आता नियम असा: नको असेल तर "पोट भरलं" म्हणायचं, "ईई" म्हणायचं नाही. आवडलं तर "सॅप!" म्हणायचं, चविष्ट या अर्थी. आपल्याकडे ॅ आहे, त्यामुळे उच्चार फक्कड जमतो.

शाकाहारी असाल तर थोडी ओढाताण होईल. 'मांगसाविरात' असा शब्द आहे, तो मांसविरतीच. पण मासळीचा सॉस, नाम प्ला, हे मांस आहे असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. 'जे' म्हटलंत तर कांदा-लसूणही जाईल आणि अंडंही. अंडं चालत असेल तर खाय जियाव, म्हणजे ऑम्लेट, आणि चिकट भात यावर मुलं चार दिवस आरामात काढतात. सोबत मेतकूट न्या.

भेट म्हणून मी बेसनाचे लाडू नेते. पहिल्या वेळी मॅ न्यायने एक चाखला, मान हलवली आणि बाकीचे बाजूला ठेवले. मला वाटलं आवडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे भिक्खू अनवाणी रांगेने आले तेव्हा दारात गुडघ्यांवर बसून तिने चिकट भाताबरोबर एकेक लाडू त्यांच्या पात्रात ठेवला. मुलांनाही बसवलं. मुलींनी आणि बायकांनी भिक्खूंना स्पर्श होऊ द्यायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

ज्यात मी ऐकत नाही

तळी आणि शेततळी. थायलंडमध्ये बुडून दगावणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे, आणि गावातली पोरं बिनधास्त उड्या मारतात. मोठं माणूस काठावर नसेल तर पाण्याजवळ नाही. मोटारसायकलवर चौघं, हेल्मेटशिवाय, हेही नाही. "आमच्या घरचा नियम आहे" असं म्हणून मी वाईटपणा स्वतःकडे घेते.

कुत्र्यांना हात नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. इसानच्या ओल्या मातीत मेलिऑइडोसिस नावाच्या आजाराचे जीवाणू असतात. पायाला जखम असेल तर चिखल बंद, नाहीतर गमबूट. ते तालुक्याच्या बाजारात लहान मापाचे मिळतात. नदीतले कच्चे मासे मुलांना अजिबात नाही, त्यातून यकृतात जाणारा कृमी हा इथला जुना आणि गंभीर प्रश्न आहे. डेंगीचे डास दिवसा चावतात, तेव्हा मलम सकाळीच लावा. प्रत्येक गावात आरोग्य स्वयंसेविका असतात, आपल्या आशाताईंसारख्या. पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. रुग्णवाहिकेचा नंबर 1669.

बाकी सामान थोडं. डिसेंबरच्या आगेमागे रात्री थंडी पडते आणि बँकॉकच्या मुलांकडे स्वेटर नसतो. संडास उकिडवं बसायचा, बादली आणि डबा. आमच्या दोघांनी तो आधी भोरला पाहिला होता म्हणून निभावलं.

निघायच्या दिवशी मनगटाला पांढरा दोरा बांधतात. मॅ न्याय प्रत्येकासाठी काहीतरी पुटपुटते, दोऱ्याने हात पुसल्यासारखं करते आणि गाठ मारते. किमान तीन दिवस ठेवायचा. मागच्या वेळी तिने आधी नातवाला बांधला, मग फीला, मग आमच्या मुलांना. धाकट्याने फीला विचारलं, तू कधी येणार? फीने तीन बोटं दाखवली. तिचा मुलगा मागे उभा होता, त्याने तिच्या हाताचं चौथं बोट उघडलं. आम्ही चार दिवस कबूल करून आलो.

बॅगेत पाच किलोची जागा ठेवून जा, कारण नवा तांदूळ दिल्याशिवाय सोडत नाहीत. घरी शिजवताना पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, नाहीतर त्याचा गिचका होतो.